पिकचा सदतिसावा अर्थ

प्रेमानंद खोब्रागडे यांना नंदनवन वस्तीत कोणी नावानं ओळखत नाही. ते ‘डिक्शनरी सर’. ऑटोवाल्याला एवढंच सांगितलं तरी तो बरोबर दारात आणून सोडतो आणि वर ऐकवतो, “माहा पोरगा त्याईच्याच हाताखाली शिकला जी.” आता खरं सांगायचं तर सर कधी कुठल्या शाळेत मास्तर नव्हते. एका खासगी कंपनीच्या डिस्पॅच विभागात कारकून होते. लोकांच्या पाकिटांवर पत्ते लिहिण्यात अडतीस वर्षं गेली. पण इंग्रजी शब्दांचं वेड असं, की चोविसाव्या वर्षी सीताबर्डीच्या फुटपाथवरून घेतलेली जाडजूड डिक्शनरी अजून त्यांच्या उशाशी असते. पानं सुटली की स्वतः खळ करून चिकटवतात.

निवृत्त झाल्यावर माणसं बागेत बसून गुडघ्यांच्या गोष्टी करतात. सरांनी तसं केलं नाही. वस्तीतल्या विहारात दर रविवारी वंदना झाली की सतरंज्या तशाच राहू द्यायच्या, फळा ओढून पुढे घ्यायचा आणि वर्ग भरवायचा. फुकट. पोरं यायची, सुना यायच्या, स्पर्धा परीक्षेवाले यायचे, नातवाला सोडायला आलेला आजाही शेवटी बसून जायचा. एका रविवारी एकच शब्द, तोही साधा, रोजच्या बोलण्यातला. पण त्याचे होतील तितके सगळे अर्थ काढायचे. सर अर्थांना ‘संसार’ म्हणायचे आणि समानार्थी शब्दांना ‘भाऊबंद’. “एका शब्दाचे तीस तीस संसार असतात, अन् तुम्ही एकाच संसारात दमता!” असं ते म्हणाले की बायका पदर तोंडाला लावून हसायच्या.

इतका भला माणूस, पण एक खोड होती, आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. ‘मला माहीत नाही’ हे वाक्य सरांच्या तोंडून कधी निघालं नाही. कंपनीत साहेब लोक कारकुनाच्या इंग्रजीला हसायचे, ते कुठंतरी आत रुतून बसलं असेल. कारण काही असो. कोणी आडवा प्रश्न विचारला की सर त्या माणसाचीच थट्टा करून मोकळे व्हायचे. वर्ग हसायचा आणि प्रश्न हवेत विरून जायचा.

मीराबाई गजभिये या वर्गात आल्या त्या नातीचा हात धरून. वय अठ्ठावन्न. सगळी हयात कामठीत पॉवरलूमवर गेलेली, आधी सुताच्या कांड्या भरल्या, मग माग चालवला. कारखाना बंद पडला तशी मुलगी, कामिनी, त्यांना नंदनवनात घेऊन आली. कामिनी एका दवाखान्यात काउंटरवर बसते, सकाळची निघाली की रात्रीच घरी. त्यामुळे नातीची, रितिकाची शाळा आजीच्या गळ्यात पडली. शाळा इंग्रजी माध्यमाची. पालकांच्या मीटिंगमध्ये मॅडम इंग्रजीत बोलायच्या आणि मीराबाई सगळ्यालाच मान हलवायच्या. पोरी हसल्या असतील, काय झालं असेल कोण जाणे, पण चौथीतल्या रितिकानं एक दिवस सांगून टाकलं, “आजी, तू नको येत जाऊ मीटिंगले.”

“मले साहेबीण नाही व्हायचं जी,” पहिल्या दिवशी मीराबाई सरांना म्हणाल्या होत्या. “या पोरीच्या शाळेत मान वर करून बसता आलं पाहिजे. बस, येवढंच.”

दोन महिने त्या अगदी मागं, खांबाला टेकून बसायच्या. वहीत गिरवायच्या, तोंडातून शब्द काढायच्या नाहीत. रितिका शेजारी बसून आजीची वही तपासायची आणि मॅडमसारखी चूक-बरोबर करायची.

जुलैतल्या एका रविवारी शब्द निघाला ‘पिक’. सरांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिला आणि हात झटकले. “बोला!”

अश्विन नावाचा स्पर्धा परीक्षेवाला पोरगा पुढं बसायचा, त्यानं धडाधड भाऊबंद काढले. चूज, सिलेक्ट, ऑप्ट. गिरिधर काका मूळचे नरखेडकडचे, संत्र्याच्या बागेतले. ते म्हणाले, “झाडावरून फळ तोडणं.” सर खूश. मिनल म्हणाली, “स्टेशनवरून पिकअप करणं.” कोणी दातकोरणं आणलं, कोणी बर्फ फोडायचा सुळा, कोणी खिसा कापणं. चावीशिवाय कुलूप उघडणं निघालं, उगाच भांडण उकरून काढणं निघालं, गिटारची चकती निघाली. नाकाचा अर्थ एका पोरानं करूनच दाखवला, तेव्हा तर सगळे लोळायचे बाकी राहिले. सरांनी राहिलेले आपल्या वहीतून घातले आणि खाली रेघ ओढली.

“छत्तीस!” सर म्हणाले. “छत्तीस संसार! आता सदतिसावा कोणी काढून दाखवावा.”

हे ते दर रविवारी म्हणायचे. कोणी काढायचं नसतं, टाळ्या वाजवायच्या असतात. पण त्या दिवशी मागून एक हात वर झाला. दोन महिन्यांत पहिल्यांदाच.

“सर, कपड्याच्या आडव्या धाग्याले पण पिक म्हणतात जी,” मीराबाई म्हणाल्या. “मागावर. धोटा धागा घेऊन एकदा इकडून तिकडं गेला का एक पिक. मालक भिंग घेऊन मोजे, एका इंचात पिक किती पडले म्हणून. कमी भरले का बोंबलत येये.”

सरांना हे माहीत नव्हतं. वहीत नव्हतं. ‘बघून सांगतो’ म्हणाले असते तर काय आभाळ कोसळलं असतं? पण मागच्या ओळीतल्या, वहीत अजून ए-बी-सी गिरवणाऱ्या बाईनं आपल्याला सदतिसावा अर्थ सांगावा, हे त्यांच्या घशाखाली उतरेना.

“मीराबाई,” सर हसत म्हणाले, “हा इंग्रजीचा वर्ग आहे, कामठीचा कारखाना नाही. तिकडं हेल्पर लोक काय वाट्टेल ते बोलतात. आज धाग्याला पिक म्हणाल, उद्या ढेकणालाही म्हणाल!”

वर्गात हशा फुटला. गिरिधर काकांनी मांडीवर थाप मारली. आणि सगळ्यांत मोठ्यानं कोण हसलं असेल, तर रितिका. मीराबाईंनी एकवार नातीकडं पाहिलं आणि हात खाली घेतला. “चुकलंच असंन जी,” त्या म्हणाल्या आणि वही मिटून मांडीखाली सरकवली.

दुपारी जेवण झाल्यावर सरांनी डिक्शनरी काढली. शंका होती म्हणून नव्हे. बाई चुकली हे पक्कं करावं म्हणून. पिकचं पान उघडलं, चष्मा कपाळावर चढवून डोळे कागदाला लावले आणि बारीक टायपात अगदी तळाशी त्यांना ते सापडलं. विणकामात धोट्याची एक फेक. विणकामात आडवा धागा. मीराबाई बोलल्या होत्या तेच, जवळजवळ त्याच शब्दांत. चाळीसहून जास्त वर्षं डिक्शनरी उशाशी, पण त्या तळाच्या ओळीपर्यंत सर कधी पोचले नव्हते.

“काहून जी, तोंड काहून उतरलं?” बायको, वच्छलाबाई, ताटं उचलता उचलता म्हणाली. वच्छलाबाईपुढं लपवण्यात काही राम नसतो. सरांनी सांगून टाकलं.

“मंग जा अन् सांगा तिले. दोन गल्ल्या सोडून घर आहे. पाच मिनटाचं काम.”

“रविवारी येईल ना ती. वर्गातच सांगतो.”

रविवारी मीराबाई आल्या नाहीत. गुडघा धरला असा निरोप आला. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. खरं म्हणजे सरांना हायसंच वाटलं. ती आली की सांगू, ती नसताना सांगून काय उपयोग, असं मनाशी म्हणत त्यांनी वहीत सदतिसावा अर्थ पेन्सिलीनं लिहून ठेवला. मग ऑगस्ट गेला. वच्छलाबाईनं दोनदा आठवण केली, तिसऱ्यांदा नुसतं पाहिलं. आणि सप्टेंबरात कधीतरी, वही नीटनेटकी दिसावी म्हणून, सरांनी पेन्सिलीवरून शाई फिरवली. मीराबाईंचं नाव लिहिलं नाही.

ऑक्टोबरात वर्गाला दहा वर्षं पुरी झाली. वस्तीनं कार्यक्रम ठेवला. विहाराच्या अंगणात मंडप, दोनशे खुर्च्या, पाहुणे म्हणून इंग्रजीचे निवृत्त प्राध्यापक मनोहरराव ढोके. सरांना नमुन्याचा एक पाठ घ्यायला सांगितलं होतं. शब्द कोणताही चालला असता. दहा वर्षांत पाचशे शब्द झाले होते. सरांनी निवडला तो ‘पिक’. का, ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. प्राध्यापकालाही माहीत नसेल असा एक अर्थ त्यांच्या खिशात होता, आणि वर्गाला जुलैतला ढेकूणच आठवत होता, धागा नाही.

पाठ रंगला. छत्तीसपर्यंत लोकांनी साथ दिली. मग सर थांबले, माईक जवळ घेतला. “आणि सदतिसावा. विणकामात धोटा एकदा आरपार गेला की जो आडवा धागा पडतो, त्यालाही इंग्रजीत पिक म्हणतात!”

अरे बाप्पा, काय टाळ्या! ढोके सर खुर्चीतून उठले. “मी बत्तीस वर्षं कॉलेजात शिकवलं, पण हा अर्थ आज कळला,” ते म्हणाले आणि त्यांनी शाल सरांच्या खांद्यावर टाकली. सरांची छाती फुगली. आणि शाल सावरताना त्यांची नजर बायकांच्या बाजूला गेली. तिसऱ्या रांगेत मीराबाई बसल्या होत्या. पांढरी साडी, शेजारी रितिका. मीराबाई दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवत होत्या.

आता ही उठेल, आता बोलेल, दोनशे माणसांत आपलं नाक कापलं जाईल. कार्यक्रम संपेपर्यंत त्यांनी त्या बाजूला पाहिलं नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना नंतर कितीदा तरी वाटलं.

जेवणाच्या वेळी मीराबाई स्वतःच समोर आल्या. डोळे भरलेले.

“सर, तुमच्या तोंडून ऐकलं अन् जीवात जीव आला जी. मले वाटे, तीस वर्षं आपण जे बोललो ते सगळंच खोटं होतं. मी तं बोलणंच सोडून देल्लं होतं. घरी काही सांगाले गेली का हे पोरगी म्हणे, आजी, तू चूप राय, तुले काही येत नाही, सरच बोलले.” त्यांनी पदरानं नाक पुसलं. “तुमी पुस्तकं धुंडाळले असंन ना माह्यासाठी? कालपरवाच सापडलं असंन.”

आणि सर काय म्हणाले? सांगायलाही लाज वाटते. सर म्हणाले, “हो.”

मीराबाईंनी वाकून त्यांना नमस्कार केला. सरांना पाय मागे घेता आले नाहीत. मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि तरी तोंडावरचं हसू तसंच राहिलं.

वच्छलाबाई मागंच उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. घरी आल्यावर शालीची घडी घातली आणि कपाटापाशी उभी राहून विचारलं, “ही कोणाच्या नावानं ठेवू?”

सर त्या रात्री जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी चार वाजता, रितिका शाळेतून आली असेल असा हिशेब करून, ते दोन गल्ल्या चालत गेले. पाच मिनिटांचंच काम होतं, वच्छलाबाई म्हणाली होती तसं. तीन महिने त्या पाच मिनिटांना लागले होते.

मीराबाईंची धांदल उडाली. सर घरी आले म्हणजे काय! चादर झटकली, पाणी दिलं, चहा ठेवायला निघाल्या. “बसा मीराबाई,” सर म्हणाले. “रितिका, तूही बस बेटा. तुलाच सांगायला आलो.”

रितिका दप्तर मांडीवर घेऊन बसली.

“तुझी आजी त्या दिवशी बरोबर होती. मी चूक होतो. मला येत नव्हतं म्हणून मी तिला हसलो, अन् तुम्हाला हसवलं. त्याच दिवशी दुपारी मला डिक्शनरीत तो अर्थ सापडला. कालपरवा नाही. त्याच दिवशी. मी तीन महिने लपवलं. अन् काल तुझ्या आजीचं नाव न घेता तो माझाच म्हणून सांगितला.” सर एका दमात बोलले. थांबले असते तर पुढचं निघालं नसतं.

रितिकानं आजीकडं पाहिलं, मग सरांकडं. “म्हणजे तुम्ही चोरी केली?”

“ए! असं बोलते का सरले!” मीराबाई ओरडल्या.

“बोलू द्या. चोरीच केली,” सर म्हणाले.

मीराबाई उभ्याच होत्या, त्या हळूच भिंतीला टेकून खाली बसल्या. काल भरून आलेले त्यांचे डोळे आज कोरडे होते. सरांना वाटलं, रागवावं हिनं, शिव्या घालाव्या. पण मीराबाई बोटांवर काहीतरी मोजत होत्या.

“तीन महिने,” त्या शेवटी म्हणाल्या. “तीन महिने मी या पोरीचं ऐकून राहिली, सर. अन् तुमाले माहीत होतं. काल मी तुमच्या पाया पडली, तवाही माहीत होतं.”

सरांना मान वर करवेना.

“रविवारी वर्गात या,” ते कसंबसं म्हणाले. “सगळ्यांसमोर सांगतो. तुमच्यासमोर माफी मागतो.”

“मी नाही येत.”

“मीराबाई, असं नका...”

“तुमी सांगा. सांगाच. पण मी नाही येत. मी समोर असली का तुमी माह्यापुढं हात जोडान, मी रडीन, अन् लोकाईले वाटन, वा, केवढा मोठा माणूस. पुन्हा टाळ्या तुमालेच.” त्यांच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. “मी नसताना सांगा. तवा कळंन तुमाले, चार लोकाईत खाली मान घालाले कसं वाटते थे.”

चहा झाला नाही. सर उठले, दाराशी चपला सापडेनात, रितिकानं काढून दिल्या.

रविवारी वर्ग गच्च भरला होता. कार्यक्रमामुळे नवी माणसं आली होती. सरांनी फळ्यावर शब्द लिहिला नाही. उभे राहिले आणि सगळं सांगितलं, हसण्यापासून शाईपर्यंत आणि शाईपासून त्या ‘हो’पर्यंत. मीराबाई गजभिये हे नाव तीनदा घेतलं. स्वतःला सोडवणारं एकही वाक्य मध्ये येऊ दिलं नाही. शेवटी म्हणाले, “मला माहीत नव्हतं. एवढं म्हणायला मला तीन महिने लागले.”

विहारात चिडीचूप. सरांना ती शांतता हवी होती. ती अंगावर घ्यायलाच ते आले होते.

पण पुढच्या ओळीत अश्विनला राहवलं नाही. “केवढं मोठं मन लागते सर असं बोलाले!” तो म्हणाला आणि त्यानं टाळी वाजवली. गिरिधर काकांनी वाजवली. मिनलनं डोळे पुसत वाजवली. बघता बघता सगळा वर्ग उभा राहिला.

“नको,” सर म्हणाले. कोणाला ऐकू गेलं नाही. “बंद करा! अरे, बंद करा ना!” ते ओरडले, तशा टाळ्या आणखी वाढल्या. मोठा माणूस, लोक म्हणत होते, अशी माणसं राहिली नाहीत. सर फळ्याला पाठ लावून उभे होते आणि दोन्ही कानांवर हात ठेवायची त्यांना लाज वाटत होती.

मागं खांबापाशी एकटी रितिका बसलेली त्यांना तेव्हा दिसली. आजीनं पाठवली होती, काय होतं ते बघून ये म्हणून. ती उभी राहिली नव्हती. हात मांडीवर होते.

वर्ग पांगल्यावर ती पुढं आली.

“आजीनं विचारलं तं काय सांगू?” ती म्हणाली. “टाळ्या वाजवल्या म्हणून सांगू का?”

सरांना एकदा वाटलं, नको म्हणावं. तोंड उघडलंही.

“सांग,” ते म्हणाले. “झालं तसंच सांग.”

रितिकानं मान हलवली आणि ती घराकडं पळत गेली.